आवाज ओळखीचा, पत्ता कोणाचा?

डिसेंबर २०२२ मधल्या त्या दिवसांची सीमाभागातल्या माणसाला आठवण करून द्यावी लागत नाही. ६ डिसेंबरला बेळगावजवळ हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या नंबरच्या गाड्यांवर दगडफेक झाली. तिकडे पुण्यात कर्नाटकच्या बसगाड्यांना काळे फासले गेले. पाठोपाठ एसटीची कर्नाटकातली ये-जा थांबली. कोल्हापूर-मिरजेच्या दवाखान्यात जाणारे पेशंट, शिकायला जाणारी मुले, लग्नाची खरेदी काढलेली घरे, सगळ्यांचाच खोळंबा झाला. तो मराठी घराचा झाला तसाच कन्नड घराचाही झाला. बस बंद होते तेव्हा ती कोणाची भाषा विचारून बंद होत नाही.

१४ डिसेंबरला केंद्रीय गृहमंत्री अमित शहा यांनी दिल्लीत एकनाथ शिंदे आणि बसवराज बोम्मई या त्या वेळच्या दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोरासमोर बसवले. दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समिती करायचे ठरले. त्याच दिवशी शहा यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. मोठ्या नेत्यांच्या नावाने उघडलेल्या बनावट ट्विटर खात्यांमुळे हा वाद चिघळला, त्याबद्दल गुन्हे नोंदवले जातील, असे ते म्हणाले. बोम्मई यांनीही वादग्रस्त ट्विट आपले नसल्याचे सांगितले. महाराष्ट्रातल्या विरोधी पक्षांना काही ते पटले नाही.

वाचकहो, ते ट्विट कोणाचे होते हा वाद आज उकरून काढायचा नाही. पण त्यातले एक त्रांगडे पाहण्यासारखे आहे. खाते बनावट होते असे धरले, तर कोण कुठल्या अनोळखी माणसाने लिहिलेल्या चार ओळी दोन राज्यांना एकमेकांच्या अंगावर घालू शकतात असा अर्थ होतो. आणि खाते खरे होते असे धरले, तर आपलेच शब्द अंगाशी आल्यावर ‘ते मी नव्हेच’ म्हणायची सोय पुढाऱ्यांना मिळाली असा अर्थ होतो. दोन्ही बाजूंनी नुकसान आपलेच.

योगायोग असा की या बैठकीच्या बरोबर दोन आठवडे आधी, ३० नोव्हेंबर २०२२ रोजी, अमेरिकेतल्या ओपनएआय या कंपनीने चॅटजीपीटी लोकांसाठी खुले केले होते. म्हणजे सीमाभागात जे घडले ते हाताने टाइप केलेल्या मजकुरावर घडले. माणसासारखे लिहिणारे, माणसाच्या आवाजात बोलणारे आणि माणसाचा चेहरा लावून बातम्या देणारे यंत्र त्यानंतर घरोघरी आले. आता हे यंत्र एखाद्या सरकारच्या हाती गेले आणि त्याने लोकांचे मत वळवायला वापरले तर काय होते, हा आजचा विषय आहे. मी राज्यशास्त्राचा मास्तर, यंत्रातला जाणकार नव्हे. पण सरकार आणि लोकमत हा धडा मी वर्षानुवर्षे शिकवत आलो आहे, आणि या धड्यात आता नवी पाने जोडावी लागणार आहेत.

सरकारने लोकमत आपल्याकडे वळवायचा प्रयत्न करणे यात नवे काही नाही आणि दर वेळी त्यात पापही नसते. पूर्वी गावात दवंडी पिटली जायची. मग आकाशवाणी आली. आपल्या भागात संध्याकाळी रेडिओचा काटा जरा इकडे केला की धारवाड लागायचे आणि जरा तिकडे केला की सांगली. शेतीचा कार्यक्रम दोन्हीकडे, बातम्या दोन्हीकडे, आणि सरकारची बाजूही दोन्हीकडे मांडली जायची. परंतु निवेदक आधी केंद्राचे नाव सांगायचा आणि मगच पुढचे बोलायचा. ऐकणाऱ्या आजोबांना ठाऊक असायचे की हा सरकारी आवाज आहे, तेव्हा त्यातले चार आणे बाजूला काढून ऐकावे. आवाजाला पत्ता होता. पत्ता कळला की किती विश्वास ठेवायचा ते माणसाला ठरवता येते.

यंत्राने हा पत्ताच पुसता येतो.

कसा, ते समजायला चीनचे उदाहरण घेऊ. चीनमध्ये सरकारच्या वतीने, पण सामान्य नागरिकाचा आव आणून मजकूर लिहिणाऱ्यांची फौज आहे, ही गोष्ट फार वर्षे बोलली जात होती. हार्वर्ड विद्यापीठाचे गॅरी किंग आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी एका जिल्हा कार्यालयातून फुटलेल्या ईमेलचा अभ्यास करून २०१७ मध्ये निबंध प्रसिद्ध केला. त्यांच्या अंदाजाने असा मजकूर वर्षाला सुमारे ४४ कोटी ८० लाख इतका होता. पण मला जास्त महत्त्वाचे वाटते ते त्यांचे दुसरे निरीक्षण. ही मंडळी सरकारच्या टीकाकारांशी वादच घालत नव्हती. लोक एखाद्या प्रश्नावर तापले की ती भलतेच काहीतरी गोडगोड लिहून लक्ष दुसरीकडे वळवत होती. घरात भांडण पेटले की शहाणी म्हातारी ‘चहा टाकू का’ म्हणते ना, तसे. फरक एवढाच की म्हातारीला घराची काळजी असते.

हे सगळे तेव्हा माणसे बसवून करावे लागत होते. त्यांना पगार द्यावा लागायचा, सूचना द्याव्या लागायच्या, आणि त्यातला एखादा कधी तोंड उघडेल याची धास्ती असायची. आता तेच काम यंत्र न थकता, न कंटाळता आणि फार थोड्या खर्चात करू शकते. जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रशियाशी जोडलेली ९६८ ट्विटर खाती उघडकीस आणली. त्यातली अनेक खाती अमेरिकन नागरिकांची म्हणून दाखवलेली होती. नाव, फोटो, आवडीनिवडी, बोलणे सगळे त्यांच्यासारखे, आणि मागे मात्र कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारी एक यंत्रणा. रशियाच्या सरकारी वृत्तवाहिनीतल्या माणसाने ती उभी केली, असा अमेरिकेचा आरोप होता. त्याआधी २०२३ मध्ये व्हेनेझुएलात इंग्रजीत बातम्या देणारे गोरेगोमटे निवेदक देशाची आर्थिक स्थिती कशी चांगली आहे ते सांगताना दिसत होते. तपासाअंती कळले की ते निवेदक जन्मलेलेच नव्हते. एका कंपनीच्या सॉफ्टवेअरमधून ते चेहरे भाड्याने घेतलेले होते.

हे सगळे परदेशात, आपले काय, असे म्हणायलाही जागा नाही. ३० मे २०२४ रोजी खुद्द ओपनएआयने जाहीर केले की आपले यंत्र वापरून छुपा प्रचार करणाऱ्या पाच टोळ्या त्यांनी बंद केल्या. त्यातली एक इस्रायलमधली स्टॉइक नावाची खासगी कंपनी. तिने त्याच महिन्यात भारताच्या लोकसभा निवडणुकीवर भाजपच्या विरोधात आणि काँग्रेसच्या बाजूने इंग्रजी मजकूर पाडायला सुरुवात केली होती. तो लवकर पकडला गेला आणि फारसा कोणी वाचलाही नाही, हे इथे सांगितले पाहिजे. उगाच घाबरवणे हाही एक प्रचारच असतो.

आपल्याकडे सरकारने हे यंत्र उघडपणे वापरल्याची उदाहरणेही आहेत. १७ डिसेंबर २०२३ ला वाराणसीत काशी-तमिळ संगमच्या कार्यक्रमात पंतप्रधान हिंदीत बोलले आणि तमिळ पाहुण्यांनी ते भाषण ‘भाषिणी’ या सरकारी यंत्रणेमार्फत तमिळमध्ये ऐकले. २६ मे २०२४ ला डीडी किसान वाहिनीवर ‘एआय कृष’ आणि ‘एआय भूमी’ हे दोन यंत्र-निवेदक आले. पन्नास भाषांत बोलू शकणारे म्हणून त्यांची ओळख करून देण्यात आली. त्यांच्याकडून शेतकऱ्याला हवामान आणि बाजारभाव कळायचे. कन्नडमध्ये पॉवर टीव्ही या खासगी वाहिनीने तर जुलै २०२३ मध्येच ‘सौंदर्या’ नावाची यंत्र-निवेदिका आणली होती. या सगळ्यांना माझा आक्षेप नाही. त्यांनी ‘आम्ही यंत्र आहोत’ असे कपाळावर लिहूनच तोंड उघडले. तमिळ माणसाला पंतप्रधानांचे म्हणणे त्याच्या भाषेत कळले तर चांगलेच आहे.

अडचण सुरू होते ती पत्ता लपवल्यावर. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत १९ नोव्हेंबर २०२४ ला, म्हणजे मतदानाच्या आदल्या दिवशी, सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांच्या आवाजातल्या म्हणून काही ध्वनिफिती फिरल्या. सुळे यांनी तो आवाज आपला नसल्याचे सांगून तक्रार केली. तथ्य तपासणाऱ्यांना त्या फितींत यंत्राची करामत असण्याची दाट शक्यता दिसली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मतदान सुरू झाले होते. ही गोष्ट सरकारची नव्हती, सत्तेच्या लढाईतली होती. पण निवडणुकीत जे हत्यार हाताला बसते ते सत्तेवर आल्यावर कोणी खाली ठेवतो, असे आपल्या अनुभवात आहे का?

बोलण्याइतकेच ऐकणेही महत्त्वाचे असते. कोणाला काय सांगावे हे ठरवायला आधी कोण काय बोलतो ते माहीत असावे लागते. मार्च २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने सुमारे १० कोटी रुपये खर्चाच्या माध्यम देखरेख केंद्राला मंजुरी दिली. वृत्तपत्रांत आणि वाहिन्यांवर सरकारबद्दल काय येते ते गोळा करायचे, सकारात्मक कोणते आणि नकारात्मक कोणते ते वेगळे काढायचे, दिशाभूल करणारे वाटेल त्याला लगेच खुलासा द्यायचा. असल्या निवडानिवडीत आजचे यंत्र पटाईत आहे. हजारो बातम्या ते चहा निवायच्या आत चाळून ठेवते. इकडे कर्नाटकात जून २०२५ मध्ये खोट्या बातम्यांविरुद्धच्या कायद्याचा मसुदा बाहेर आला. त्यात सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद होती, आणि त्यावर बरीच टीका झाली. केंद्राने २०२३ मध्ये नियम बदलून आपल्या कारभाराबद्दलचा कोणता मजकूर खोटा ते ठरवायचा अधिकार स्वतःच्याच तथ्य तपासणी कक्षाला देऊ केला होता. विनोदकार कुणाल कामरा आणि इतरांनी त्याला आव्हान दिले. दोन न्यायाधीशांत मतभेद झाल्यावर प्रकरण तिसऱ्यांकडे गेले आणि अखेर २० सप्टेंबर २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयात तो नियम रद्द ठरला.

तिन्ही सरकारे वेगळी, भाषा वेगळ्या. इच्छा मात्र एकाच जातीची दिसते, आपल्याबद्दल काय बोलले जाते त्यावर आपला हात असावा. खोट्या बातमीला आळा हवाच. पण परीक्षा देणाऱ्यानेच पेपर तपासायचा म्हटला तर आमच्या कॉलेजात तरी कोणी मान्य करणार नाही.

आता आपल्या घराकडे येऊ. माझी आई निपाणीची, घरात मराठी. पत्नीचे माहेर बैलहोंगलचे, तिथे कन्नड. मुलांना एक आजी आणि एक अज्जी. आमच्या घरातल्या फोनवर महाराष्ट्राच्या लाडक्या बहिणीचे १५०० रुपयेही येतात आणि कर्नाटकच्या गृहलक्ष्मीचे २००० रुपयेही येतात, अर्थात जाहिरातीतून. एकाच ओसरीवर दोन सरकारे येऊन आपापली थोरवी सांगून जातात. अशी घरे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडीच्या पट्ट्यात हजारोंनी आहेत.

गेल्या वर्षी बीएच्या मुलांना मी एक काम दिले. एकाच सरकारी निर्णयाची बातमी मराठी पेपरातून आणि कन्नड पेपरातून शोधायची आणि वहीत शेजारी-शेजारी चिकटवायची. बहुतेकांनी २०२३ मधला एकच विषय निवडला. महाराष्ट्राने महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू करायचे ठरवले होते, तो निर्णय. महाराष्ट्राच्या बाजूने हा सीमावासीयांना दिलासा होता. कर्नाटक सरकारच्या लेखी ती दुसऱ्या राज्यातली ढवळाढवळ होती. मुलांच्या वह्यांत डाव्या पानावर एक जग आणि उजव्या पानावर दुसरे, आकडा तेवढा दोन्हीकडे तोच, ८६५. एका मुलीने विचारले, “सर, मग खरे कुठले धरायचे?” मी म्हटले, “योजना खरी आहे, गावे खरी आहेत आणि आक्षेपही खरा आहे. आपल्या आजोबांचे ऑपरेशन त्या कार्डावर होते का, ते दवाखान्यात विचारून ये. तेवढे कोणत्याच पेपरात नसते.”

मुलांनी पुढे गंमत म्हणून यंत्राला बेळगावी मराठीत निरोप लिहायला सांगितला. पहिल्या खेपेला जे आले ते पुण्याच्या पेपरातले मराठी होते. आपण ‘पण’च्या जागी ‘खरं’ म्हणतो, ‘काय करायलास गा’ म्हणतो, त्याचा त्याला गंधही नव्हता. वर्ग हसला. मग एकाने चार वाक्ये नमुन्याला दिली. दुसऱ्या खेपेला यंत्राने ‘खरं’ बरोबर जागी घातले. तिसऱ्या खेपेला धारवाडी कन्नडातले ‘येन माडाकत्तीरी’ही त्याने बऱ्यापैकी जमवले. तेव्हा वर्गात कोणी हसले नाही.

कारण त्या मुलांना एक गोष्ट कळली. आतापर्यंत परक्या माणसाला आपल्या गल्लीत शिरून बोलायचे तर त्याची भाषाच त्याला उघडे पाडायची. दोन वाक्यांत कळायचे की पाहुणा इकडचा नाही. ते कुंपण आता राहिलेले नाही. बेंगळूर, मुंबई, दिल्ली किंवा त्याहून दूर बसलेल्या कोणालाही आपल्या शेजाऱ्याच्या बोलीत, शेजाऱ्याच्या रागाने बोलता येईल. मराठी घरात ‘बघा, ते तुमचे काय करायलेत’ असे सांगता येईल आणि भिंतीपलीकडच्या कन्नड घरात नेमके उलटे. दोघांनाही वाटेल की आपलाच माणूस बोलतो आहे. आपल्या दोन्ही राज्य सरकारांवर मी असा आरोप करत नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये बेळगाव तालुक्यात भाषेवरून एका बस कंडक्टरला मारहाण झाली, चित्रदुर्गात महाराष्ट्राच्या बसचालकाला काळे फासले गेले आणि पुन्हा एकदा दोन्हीकडच्या बसगाड्या थांबल्या, हे आपण पाहिले. जिथे काडी टाकायचीच खोटी असते तिथे काडेपेटी कोणाच्या खिशात आहे ते विचारलेच पाहिजे.

आणि इथेच आपल्यासारख्या घरांचे काम सुरू होते. एका भाषेच्या माणसाला सांगितलेले तेच दुसऱ्या भाषेत वेगळे सांगितले जाते की काय, हे मुंबईच्या किंवा मैसूरच्या माणसाला सहजी कळणार नाही. ते आपल्याला जेवणाच्या ताटावर कळते. आजीच्या फोनवर आलेले आणि अज्जीच्या फोनवर आलेले एकमेकांना वाचून दाखवले की पुरे. आमच्याकडे रविवारी हे होते. कधी हसू येते, कधी वाद होतो. कधी दोघी मिळून सरकारलाच नावे ठेवतात, एक मराठीत आणि एक कन्नडात.

माझी वाचकांना विनंती अगदी साधी आहे. मन तापवणारा निरोप आला की आधी पत्ता विचारा. कोणत्या खात्याचा, कोणत्या कार्यालयाचा, कोणाच्या सहीचा? ‘सरकारने ठरवले’ एवढ्यावर भागवू नका, आदेश किंवा परिपत्रक मागा. मग तीच गोष्ट दुसऱ्या भाषेत शोधा. मराठी वाचता येत नसेल तर शेजारच्या मराठी काकूंना विचारा, कन्नड येत नसेल तर मुलाला विचारा, त्याला शाळेत असते. आणि पुढे पाठवायच्या आधी एक रात्र जाऊ द्या. खरी बातमी एका रात्रीत नासत नाही. घाईने पाठवायला लावणारा निरोप मात्र सकाळपर्यंत बऱ्याचदा शिळा होतो.

सरकारांकडेही मागणे आहे. निवडणूक आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये राजकीय पक्षांना सांगितले की यंत्राने बनवलेल्या प्रचारावर तशी खूण करा. हीच शिस्त प्रत्येक सरकारी जाहिरातीला, चित्रफितीला आणि निरोपाला बारा महिने असावी, मग सरकार बेंगळूरचे असो, मुंबईचे असो की दिल्लीचे. सरकारने आपले म्हणणे खुशाल सांगावे, दोन्ही भाषांत सांगावे, हवे तर यंत्राकडून सांगावे. फक्त नाव लावून सांगावे, आणि मराठीत जे सांगितले तेच कन्नडात सांगावे.

सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. पण उद्या एखाद्या संध्याकाळी फोनवर ओळखीच्या आवाजात, आपल्याच बोलीत काहीतरी आले आणि बस पुन्हा थांबायची वेळ आली, तर त्या रात्रीचा निर्णय न्यायालय घेणार नाही. तो तुमच्या-माझ्या ओसरीवर, आजी आणि अज्जीच्या समोर घ्यायचा आहे.